कामावरच्या ओळखी-नात्यांमुळे साहेबाचा प्रामाणिकपणा टिकतो की ढळतो?

दोन्ही होतं. पण 'माणूस मुळात सरळ असला की पुरे ना?' असं जे तुम्ही पुढे विचारलंय, ते पुरत नाही. स्वतःवरून सांगतो.

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. लाइनवरची निम्मी माणसं फोंड्याच्या आसपासची. एक ऑपरेटर तर आमच्याच वाड्यावरचा, गणेश चवथीला आमच्या आरतीला घुमट वाजवायला तोच. एका सकाळी त्याच्या बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाची एक खेप कशी बनली त्याच्या नोंदवहीत, वजनाची एक नोंद कोरी दिसली. वजन केलं होतं, लिहायचं राहून गेलं, असं तो म्हणाला. मग हळूच, "दादा, कालचीच वेळ घालतो, तू फक्त सही मार."

मी पेनाचं टोपण काढलं होतं. खोटं कशाला सांगू?

आमच्याकडे नोंद काम होतानाच करायची असते. राहिली तर आजची तारीख, आजची सही आणि राहण्याचं कारण. मागची वेळ घातली की वजन बरोबर असूनही नोंद खोटी. हे मीच नव्या पोरांना शिकवतो!

अडवलं ते क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातल्या मुलीनं. बेळगावची, नवीन, आमच्या डब्याच्या टेबलावर न बसणारी. म्हणाली, "सर, वजन होताना तुम्ही तिथे होता?" नव्हतो. आमच्या टेबलावरच्या कुणीही हे विचारलं नसतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलं होतं, की नवी माहिती बहुधा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. तो नोकऱ्यांच्या संदर्भात बोलत होता, पण मला ते इथेही पटतं.

रीतसर डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत काय चुकलं त्याची लेखी नोंद, केली. त्या चवथीला तो आला नाही, आरती नुसत्या टाळांवर झाली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पण त्याच नात्यामुळे मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सगळं तोंडावर सांगू शकलो. परक्याला मेमो गेला असता, बस्स. पुढच्या महिन्यात दुसऱ्या लाइनवरचा एक पोरगा आपणहून चूक सांगायला आला.

आमच्या वाड्यावरच्या त्या ऑपरेटरच्या रेकॉर्डवर आता मी सही करत नाही, दुसरा सुपरवायझर करतो. आम्हा दोघांनाही ते बरं पडतं.