सहा महिन्यांच्या बाळाला उष्टावणीनंतर कोणते पदार्थ अजिबात देऊ नयेत? सासूबाई मध चाटवायचं म्हणतात, चालेल का?

ताई, मध नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावून नाही, सोन्याच्या अंगठीने नाही, आणि ओळखीच्या माणसाने रानातून काढून आणला असला तरी नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. शी होत नाही, रडण्यातला जोर जातो, दूध ओढता येत नाही, पुढे श्वासावरही बेतू शकतं. मध उकळूनही ते मरत नाहीत. तान्ह्या बाळांमधलं हे दुखणं १९७६ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखलं गेलं, त्यामुळे आधीच्या पिढ्यांना दोष देत नाही. आता मात्र माहीत आहे.

पण मला मधापेक्षा शेंगदाण्याची धास्ती जास्त आहे. मधाबद्दल निदान कुणीतरी बजावतं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. जानेवारीत हुरड्याला सगळं घर शेतावर जमलं होतं. आगटी पेटलेली, भाजलेली कणसं चोळून गरम हुरडा ताटात पडतोय, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. भावाचा मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता, पुढचे चार दात आलेले. आमच्या एका काकांनी त्याला मांडीवर घेतलं आणि भाजलेल्या शेंगेतला दाणा तोंडात घातला. वहिनी नको म्हणाली तर म्हणाले, "दात आल्यात की त्याला, चावू दे की."

पुढचे दात नुसता तुकडा पाडतात. दळतात त्या दाढा, आणि त्या वर्षानंतर येतात. पोर ठसकलं, लालबुंद झालं, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एकदम शांत झालं. "गेला खाली," काका म्हणाले. मी तिथेच म्हटलं, आत्ता दवाखान्यात न्या. त्यावर "आमची पोरं माती खाऊन वाढली" हे ठरलेलं उत्तर. त्यांच्यापुढे भाऊ बोलेना आणि वहिनीला तर बोलायची सोयच नव्हती.

खोकला राहिला. गावात सर्दीचं औषध मिळालं, घरात मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मी भावाच्या मागेच लागले: सोलापूरला ने, आणि डॉक्टरांना सर्दीचं नंतर सांग, आधी शेंगदाण्याचं सांग. तिथे बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासली तर उजव्या बाजूला हवा नीट जात नव्हती. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही. दिसलं ते उजवं फुप्फुस जास्त फुगलेलं, कारण दाणा अडकला की हवा आत शिरते पण बाहेर पडताना अडते. भूल देऊन दुर्बिणीने दाण्याची अर्धी पाकळी काढली, ओलाव्याने फुगलेली. डॉक्टरांनी ती भावाला दाखवली. एवढं होऊनही काका आजवर प्रत्येक लग्नात सांगतात की पोराला दृष्ट लागली होती. नव्हती लागली. शेंगदाणा होता, आणि तो कुणी भरवला हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, उष्टावणीला ज्याचा मान असेल त्याने पातळ, बिनसाखरेची खीर भरवावी, बाकीच्यांनी आशीर्वाद द्यावेत. बाळ हातोहात फिरत असेल तर नजर त्याच्या तोंडाकडे ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम पाच वर्षांपर्यंत नकोत. अख्खं द्राक्ष, बोर, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचा तुकडा हेही नको. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार भाग करा. नातेवाईक रागावले तर रागावू द्या, राग उतरतो.

अडकलंच तर: बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब, आणि अडकलेलं निघेपर्यंत हेच आलटून पालटून. दुसऱ्याला तोवर १०८ लावायला सांगा. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. ठसका थांबून नंतर खोकला किंवा एका बाजूची घरघर राहिली तरी दाखवाच.

बाकीचं थोडक्यात. वरून मीठ-साखर वर्षभर नको. गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत पाजायला नको, जेवणात थोडं वापरलं तर चालतं. चहात बुडवलेलं बिस्किट नको. झोप यावी म्हणून जायफळ उगाळून देणं तर मुळीच नको.

एक राहिलं. शेंगदाणा हा पदार्थ म्हणून वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१५ साली लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना वर्षाच्या आत मऊ स्वरूपात शेंगदाणा सुरू केला तर पुढे त्याची ॲलर्जी खूप कमी मुलांना होते. तेव्हा अगदी बारीक वाटलेला, पेजेत किंवा खिमटात पातळ कालवून द्या. कोरडं कूट किंवा घट्ट गोळा नको. बाळाच्या अंगावर जास्त इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून मगच सुरू करा.