भट्टीची उष्णता, जॅम आणि बी.एड.

तू लिहिलं आहेस की तू कोल्हापुरात बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. भट्टीची उष्णता वाया जाताना पाहून थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमानातल्या फरकातून थेट वीज बनवणाऱ्या, पदार्थांवर संशोधन करावंसं वाटतं, पण घरचे बी.एड.चा आग्रह धरतात. ‘यात करण्यासारखं काही उरलंय का?’ हा तुझा प्रश्न.

पुष्कळ उरलंय. शास्त्रज्ञ झीबेकनं हा परिणाम १८२१ साली पाहिला, ‘व्हॉयेजर’ अवकाशयानांना १९७७पासून याच तत्त्वावर वीज मिळते. तरी कारखान्यांत तो फारसा दिसत नाही, कारण पदार्थातून वीज सहज वाहावी आणि उष्णता मात्र अडावी, अशी दुहेरी अपेक्षा असते. धातूंत दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. अर्धवाहकांत बरीचशी उष्णता अणूंच्या कंपनांतून जाते, म्हणून इलेक्ट्रॉनला धक्का न लावता ती कंपनं अडवायची, ही खरी कसरत. बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत कनिष्क बिस्वास यांच्या गटानं सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडं कॅडमियम घालून अणूंची मांडणी सुधारली. २०२१ साली त्यांनी सुमारे ३०० अंश सेल्सिअसला २.६ इतका झेडटी दाखवला. झेडटी म्हणजे या पदार्थांचा गुणांक, जितका जास्त तितका पदार्थ चांगला. बाजारातल्या बिस्मथ टेल्युराइडचा तो साधारण १ असतो.

पण झेडटीच्या आकड्यावर भाळू नकोस. एक बाजू १०० अंशांवर, दुसरी ३० वर असेल तर झेडटी १ला कार्यक्षमता जेमतेम साडेतीन टक्के. तो दुप्पट केला तरी साडेपाचच्या आत. त्यामुळे जोडणीतला रोध, थंड बाजूचं कूलिंग आणि वर्षानुवर्षं टिकणं यांवर काम करणाऱ्यांची मला जास्त गरज वाटते.

सुट्टीत एक पेल्टियर मॉड्यूल, म्हणजे अशाच पदार्थांची तयार चकती, आण. एका बाजूला गरम पाण्याचं भांडं, दुसरीकडे हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), आणि मल्टिमीटर. व्होल्टेज आधी चढेल, मग थंड बाजू तापू लागली की घसरेल. दर मिनिटाला नोंद घे. थेट आचेवर ठेवू नकोस, आतला डाख वितळतो. हे करताना रात्र कशी झाली ते कळलं नाही, तर प्रयोगशाळेत तुझं मन रमेल.

पुढच्या वर्षी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे. त्यातून आयआयटी मुंबईत एम.एस्सी. किंवा आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएच.डी.ची दारं उघडतात. शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभागही पदार्थविज्ञानात जुना आणि भक्कम आहे. घरातून जाऊन-येऊन शिकायचं असेल तर तो कमी लेखू नकोस. कुठेही गेलीस तरी एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासणं) आणि रोध मोजणं स्वतःच्या हातानं शीक. बॅटरी, सेमीकंडक्टर, सोलर, सगळीकडे ते चालतं. फक्त थर्मोइलेक्ट्रिकच्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्या आहेत, हे आधीच माहीत असू दे.

बाबांना सांग, नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, आणि बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.