कौंटी संघ डावाने हरला तरी पुढच्या सामन्यात दोनच बदल का करतात? निवड नक्की कोण करतं?

दोनच बदल करतात, कारण आणखी बदलायला माणसं नसतात. एवढं लिहून उठणार होतो. पण तुम्ही प्रश्नाखाली पुस्ती जोडलीय, "मार खाल्लेल्या स्पिनरला बसवलं ते मात्र बरं केलं." ते वाचल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी तुमचं काम उरकतो. कौंटीत, म्हणजे इंग्लंडच्या परगण्यांच्या व्यावसायिक संघांत, आपल्या बोर्डासारखी पाच माजी खेळाडूंची निवडसमिती नसते. डायरेक्टर ऑफ क्रिकेट, मुख्य प्रशिक्षक आणि कर्णधार मिळून ठरवतात. सामना चार दिवसांचा, शुक्रवारी सुरू झाला तर सोमवारी संपतो, आणि पुढचा बऱ्याचदा लगेचच्या शुक्रवारी, तोही परगावी. मधल्या तीन दिवसांत प्रवास, फिजिओ आणि जमलाच तर थोडा सराव. आदल्या दिवशी तेरा-चौदा नावं जाहीर करतात, अंतिम अकरा टॉसच्या वेळी खेळपट्टी बघून. परदेशी खेळाडू अकरांत दोनच चालतात. इंग्लंडच्या करारातला गोलंदाज हाताशी असला तरी त्याला कधी खेळवायचं हे इंग्लंडचं बोर्ड ठरवतं. एप्रिलच्या थंडीत दोन वेगवान जायबंदी झाले की राखीव संपले. मग दुसऱ्या कौंटीकडून गोलंदाज उसना आणतात, त्याची रीतसर सोय आहे. अशा अवस्थेत "अर्धा संघ बदला" हे यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणाखाली लिहायला ठीक आहे.

आणि बदलून तरी काय होतं? १९८३ साली चेम्सफर्डला एसेक्सने सरेचा अख्खा डाव १४ धावांत गुंडाळला. चौदा! नॉर्बर्ट फिलिपने ४ धावांत ६ बळी घेतले. त्याच सामन्यात, दुसऱ्या डावात त्याच अकरा जणांनी उभं राहून सामना वाचवला, रॉजर नाइटने नाबाद शतक ठोकलं. पहिल्या डावानंतर निवडसमिती बसली असती तर नाइट नक्की घरी गेला असता.

उलट उदाहरण आमच्या लेस्टरशायरचं. मी लेस्टरजवळच राहतो. २०१३ आणि २०१४ असे सलग दोन हंगाम चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे कौंट्यांच्या या चार दिवसांच्या सामन्यांच्या स्पर्धेत, एकही विजय नाही. त्या काळात माणसं आली, गेली, बदलली, काडीचा फरक पडला नाही. जून २०१५ मध्ये एसेक्सला हरवलं तेव्हा कुठे खातं उघडलं, तेही चेम्सफर्डलाच. मग २०२५ मध्ये दुसऱ्या विभागाचं विजेतेपद घेऊन वर गेले. मधली वर्षं काय सहन केली ते आम्हाला विचारा.

आता स्पिनर. जून २०२४ मध्ये शोएब बशीर वूस्टरशायरकडे उसना खेळत होता, कारण सॉमरसेटमध्ये दुसरा स्पिनर जॅक लीच याच्या पुढे त्याला जागा नव्हती. ओव्हलवर डॅन लॉरेन्ससमोर त्याच्या एका षटकात ३८ धावा गेल्या, पहिल्या पाच चेंडूंवर पाच षटकार. तुमच्या न्यायाने पोराचं करिअर तिथेच संपायला हवं होतं. पुढच्याच महिन्यात ट्रेंट ब्रिजला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत त्याने ४१ धावांत ५ बळी घेतले. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात होव्हला ऑली रॉबिन्सनच्या एका षटकात आमच्या लुई किंबरसमोर ४३ गेल्या होत्या. रॉबिन्सन वेगवान. वेगवान गोलंदाज धुतला गेला की "आज लय नव्हती", स्पिनर धुतला गेला की "अजून तयार नाही". मी हे सगळीकडे ऐकलंय, डोंबिवलीत आणि इथेही.

आता मूळ दुखणं. मी इथल्या एका शनिवारच्या लीग क्लबचा स्कोअरर आहे. गुडघा गेल्यावर पॅड सोडले, पेन धरलं. प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाचं पेन, निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून एम, सगळं शिस्तीत. पण स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला रकानाच नसतो. गोलंदाजाच्या चौकटीत तो चेंडू नुसता ठिपका म्हणून बसतो, नाहीतर चौकार म्हणून. म्हणून मी स्वतःची एक खूण ठेवलीय. झेल सुटला की त्या चेंडूखाली पेन्सिलीने बारीक त्रिकोण, आणि समासात सोडणाऱ्याची आद्याक्षरं.

एका शनिवारी आमची धूळधाण झाली. त्यांनी तीनशेच्या वर कुटल्या, आम्ही शंभरीही गाठली नाही. मंगळवारी नेट्सनंतर बारच्या वरच्या खोलीत निवडीची बैठक. चेअरमन, तिन्ही संघांचे कर्णधार आणि कोपऱ्यात मी. मला मत नाही, फक्त वही. चेअरमन मनाने चांगला माणूस, मैदानावरचा रोलरसुद्धा स्वतः ओढतो. पण वर्षानुवर्षं पहिल्या स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या बाजूला झेलासाठी, उभा. बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "त्या पोराला दुसऱ्या संघात पाठवू, फार महागात पडला."

पोरगा म्हणजे आमचा डावखुरा फिरकी गोलंदाज, अजून शाळेत जाणारा. (माझा मुलगा नव्हे. इथे प्रत्येकाला तेच वाटतं. लेस्टरचा गुजराती पोरगा आहे, आमची ओळख मैदानापुरतीच.) मी वही उघडली, हिरव्या पेनाची चौकट दाखवली. त्याच्या चेंडूंखाली तीन त्रिकोण होते. तीनही वेळा समासात तीच आद्याक्षरं, चेअरमनची. पहिला झेल सुटला तेव्हा त्यांचा सलामीवीर जेमतेम दहाच्या घरात होता, नंतर त्याने शतक केलं. समोरची धावसंख्या त्या पोराने दिली की स्लिपने, एवढंच मी विचारलं.

खोलीत कुणी हललं नाही. चेअरमन चष्मा काढून वही जवळ घेऊन बघू लागला आणि म्हणाला, ही खूण अधिकृत नाही, लीगच्या नियमात बसत नाही. मग विषय बदलला, चहाचं सामान कोण आणणार यावर गाडी गेली. आठ-दहा धावांत बाद झालेले पाचही फलंदाज संघात राहिले, कारण "अनुभव हवा". पोरगा दुसऱ्या संघात गेला आणि पुढच्या हंगामात शेजारच्या क्लबात. त्याच्या वडिलांनी मला फोन करून आभार मानले, ते ऐकायला जास्त वाईट वाटलं.

स्पिनरला स्लिप काय मिळवून देते हे बघायचं असेल तर २०१५ ची गॉल कसोटी बघा. अजिंक्य रहाणेने त्या सामन्यात आठ झेल घेतले, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूसाठी तो २०२५ पर्यंत विक्रम होता. अश्विनला सामन्यात दहा बळी मिळाले. (भारत तरीही हरला, ते वेगळं. चौथ्या डावात आपणच कोसळलो.) हाच रहाणे २०२४ मध्ये लेस्टरशायरकडून खेळायला आला, तेव्हा ग्रेस रोडवर, लेस्टरशायरच्या मैदानावर, "अज्जूभाई" अशा हाका मारणाऱ्यांत मीही होतो. त्याला स्लिपमध्ये बघताना मला आमच्या चेअरमनची फार आठवण येत होती.

आता तुमच्या बाजूनेही बोलतो. कौंटी आणि आमचा क्लब यांची बरोबरी होत नाही. तिथे प्रत्येक चेंडूचा व्हिडिओ असतो, विश्लेषक असतो, सुटलेले झेलही मोजले जातात, त्यामुळे पेन्सिलीच्या त्रिकोणाची कुणाला गरज नाही. शिवाय हिरव्या खेळपट्टीवर स्पिनर बसवण्यामागे कधीकधी शिक्षा नसतेच, चौथा वेगवान घेणं शहाणपणाचं असतं. तुम्ही पाहिलेल्या सामन्यात तसंच असू शकेल, मी तो सामना पाहिलेला नाही. पण तसं असेल तर संघाने सरळ "खेळपट्टीमुळे" म्हणावं. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी गोलंदाज बाहेर आणि निवेदनात "विश्रांती", हे वाचून मला विश्वास बसत नाही.

तुमच्या संघाचं ते प्रक्षेपण अजून यूट्यूबवर असेल, तर त्या स्पिनरची षटकं पुन्हा लावून बघा आणि स्लिपमधून किती चेंडू निसटले ते मोजा. दोनच्या वर निघाले तर बदल गोलंदाजीत नाही, स्लिपमध्ये हवा होता. आमच्या चेअरमनना मराठी येत नाही, म्हणून हे इथे एवढं लांबण लावून लिहिलं. इंग्रजीत त्यांना सांगून झालंय.