लेकरांच्या हिरड्या: आधी ब्रश बघा, मग रक्त तपासा

यावेळी जवळपास सगळेच प्रश्न मुलांच्या हिरड्यांवर आलेत, म्हणून एकत्रच घेते.

मुलगा ९ वर्षांचा आहे. ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं. सासूबाई म्हणतात उन्हाळ्याची उष्णता आहे, ब्रश काही दिवस बंद ठेव. — एक आई, मानेवाडा

ताई, ब्रश अजिबात बंद करू नका. सासूबाईंची काळजी खरी आहे पण उपाय उलटा पडेल. हिरडीच्या कडेला जो पिवळसर चिकट थर बसतो ना त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं, मग आपण घाबरून तिथे ब्रश फिरवायचंच सोडतो आणि थर अजून वाढतो. मऊ ब्रश घ्या, दिवसातून दोनदा, रात्रीचा तर चुकवूच नका, आणि पोरगा ९ वर्षांचा असला तरी पुढचे २ आठवडे तुम्ही स्वतः बाजूला उभ्या राहा. बहुतेक मुलांचं रक्त तेवढ्यात थांबतं, हाडापर्यंत काही पोचलेलं नसतं म्हणून हिरडी पूर्ववत होते.

नाही थांबलं तर डेंटिस्टला दाखवा. आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते: हिरडीसोबत मूल फिकट दिसतंय, पुन्हा पुन्हा ताप येतोय, न लागता अंगावर निळे डाग पडतायत, तर २ आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्यायची. ब्लड कॅन्सर कधी कधी आधी हिरडीतच दिसतो. असं क्वचितच होतं, पण तपासणी साधी आहे आणि उशीर महाग पडतो.

मुलगी ११ वर्षांची, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाबा दोघांकडून आलेला. हिरड्या सुजल्यात पण क्रायसिस (अचानक उठणारं तीव्र दुखणं) येईल या भीतीने डेंटिस्टकडे नेत नाही. — कामठी

दादा, विदर्भात हा प्रश्न घरोघरी आहे आणि बहुतेक लोक तुमच्यासारखंच करतात, त्याचंच मला वाईट वाटतं. क्रायसिसला निमित्त काय होतं? इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताण. म्हणजे दाताखाली पू साचत राहिला तर तोच क्रायसिस ओढवू शकतो. तब्येत चांगली असताना न्या, दुखणं चालू असताना नाही. आधी तिच्या सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारा, फाइल आणि सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ती गोळी डेंटिस्टला दाखवा. सकाळची वेळ घ्या, भरपूर पाणी पाजून न्या, दवाखान्यात एसी असतो तर शाल सोबत ठेवा. खर्चाची अडचण असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे जा.

अजून एक, सिकलसेलमध्ये दात चांगला असूनही जबडा दुखू शकतो कारण दुखणं हाडातलं असतं. एक्स-रे न काढता दाढ उपटायला कोणी निघालं तर थांबवा.

१३ वर्षांच्या मुलाला टाइप १ डायबिटीस आहे. हिरड्या नीट केल्या तर शुगर उतरेल का?

शुगर वाढलेली राहिली की हिरड्या बिघडतात हे पक्कं आहे. उलट बाजूचा फायदा जास्त करून टाइप २ च्या मोठ्या माणसांत दिसलाय, म्हणून मुलाच्या बाबतीत मी तसं वचन देणार नाही. इन्सुलिनचा डोस कमी करायचा विचारही नको. पण या वयात हार्मोन्समुळेही हिरड्या लवकर सुजतात, त्यामुळे दर ६ महिन्यांनी दाखवाच.

मुलगी ४ वर्षांची, खालचे समोरचे २ दात आपोआप पडले. शेजारीण म्हणते लवकर पडले, चांगलं झालं. — सक्करदरा

नाही ताई, हे चांगलं नाही. हे दात साधारण ६ व्या वर्षी हलतात. मार लागलेला नसताना ५ वर्षांच्या आत दात पडला तर कारण शोधावंच लागतं. पडलेले दात ठेवलेत का? मूळ अख्खं शाबूत असेल तर हाडांचा एक आनुवंशिक आजार, हायपोफॉस्फेटेशिया, बघावा लागतो, त्यात रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम कमी येतं. रिपोर्टमध्ये ते वाढलेलं असेल तरच लोक घाबरतात, वयाच्या मानाने कमी आलेलं कोणी बघतच नाही. पांढऱ्या पेशी कमी असल्या तरी असं होतं. आणि तिचे तळहात-तळपाय जाड, खरखरीत आहेत का तेही बघा, पॅपिलॉन-लेफेव्हर नावाच्या आजारात त्वचा आणि हिरड्या सोबतच बिघडतात. या आठवड्यातच मुलांच्या डेंटिस्टकडे आणि बालरोगतज्ज्ञाकडे न्या, दात कागदात गुंडाळून सोबत घेऊन जा.

झटक्यांची फेनिटॉइन गोळी चालू आहे, हिरडी दातांवर चढतेय. गोळी बंद करू?

मुळीच नाही, झटका येईल. न्यूरोलॉजिस्टला हिरडी दाखवा, गोळी बदलायची की नाही ते तेच ठरवतील, तोपर्यंत दात जितके स्वच्छ ठेवाल तितकी हिरडी कमी वाढेल.