पेन्सिलचं शेडिंग छान येतं पण चेहरा ओळखू येत नाही, ऑइलमध्ये त्वचा मातकट होते. रिअलिस्टिक पोर्ट्रेट कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की फोटो बघून बहिणीचं पोर्ट्रेट पेन्सिलने केलं, डोळे, केस, ओठ सगळं बारकाईने भरलं, शेडिंगचं कौतुक झालं पण ही नक्की कोण असंही लोकांनी विचारलं, आणि आता तेच ऑइलमध्ये घेतलंय तर त्वचेचा रंग मातीसारखा होतोय. हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात खरे, पण माझ्या मते मूळ एकच आहे. तुम्ही तपशिलात फार लवकर शिरताय.

ओळखीचं माणूस आपण रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. तेव्हा पापणीचा केस सोडा, डोळासुद्धा नीट दिसत नसतो. डोक्याचा एकूण आकार, कपाळ आणि जबड्याचं प्रमाण, डोळ्यांच्या खोबणीतली सावली, मान खांद्यांवर कशी बसलीय, एवढ्यावरच ओळख पटते, म्हणजे साम्य या मोठ्या आकारांत असतं आणि ते पहिल्या अर्ध्या तासात आलं तर आलं. ते आलेलं नसताना वर कितीही तास शेडिंग करा, चित्र सुंदर होईल पण भलत्याच कुणाचं तरी होईल.

आधी फोटो बघा, कारण कितीतरी वेळा घोळ तिथेच झालेला असतो. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान मागे जातात, चेहरा निमुळता दिसतो. तुम्ही तो फोटो अगदी प्रामाणिकपणे उतरवता आणि माणूस मात्र वेगळं दिसतं! शक्य असेल तर दीड-दोन मीटर लांब उभं राहून, थोडा झूम करून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून नवीन फोटो काढा. फ्लॅश अजिबात नको, तो समोरून पडतो आणि सगळ्या सावल्या खाऊन टाकतो, मग नाकाला उठाव द्यायला तुमच्या हातात काहीच उरत नाही. एका बाजूच्या खिडकीतला उजेड सगळ्यात चांगला, चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत, आणि सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटासा त्रिकोण पडला तर फारच छान. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांत असा प्रकाश इतका दिसतो की फोटोग्राफर या प्रकाशाला त्याच्याच नावाने ओळखतात.

आता पेन्सिल. एचबी किंवा २बी घ्या, हलक्या हाताने, आणि डोळ्यापासून सुरुवात करू नका. आधी डोक्याचा वरचा आणि हनुवटीचा खालचा टोकबिंदू ठरवा, मग सगळ्यात रुंद जागा, मग डोकं किती कललंय ती मधली रेष. डोळे साधारण डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर. नवीन माणूस ते जवळजवळ नेहमीच वर काढतो, कारण आपलं लक्ष डोळे-नाक-तोंडाकडे असतं आणि कपाळ-केसांना जागा कमी पडते. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं, कान भुवई आणि नाकाच्या बुडाच्या दरम्यान येतो. हे नियम पाठ करा पण चित्र त्यांच्यावर सोडू नका, कारण साम्य नियमात नसतं, नियमापासून तो चेहरा कुठे किती सरकलाय त्यात असतं. बहिणीचं नाक ते वरचा ओठ हे अंतर जरा जास्त आहे का? एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली आहे का? हनुवटी मागे जाते का? असे तीन-चार फरक आधी शब्दांत लिहून काढा आणि मगच पेन्सिल उचला. हे लिहून काढणं मला स्वतःला कुठल्याही ग्रिडपेक्षा, म्हणजे फोटोवर आणि कागदावर आखलेल्या चौकोनांच्या जाळीपेक्षा, जास्त कामाचं वाटतं.

ग्रिडला माझा विरोध नाही हं. मोठ्या कॅनव्हासवर उतरवताना ग्रिड वेळ वाचवतो. पण फक्त ग्रिडवर राहिलात तर नजर तयार होत नाही, चौकोन संपले की हात अडखळतो. त्यापेक्षा पेन्सिल ताठ हाताने समोर धरून अंतरं मोजा, कोन ताडून बघा, आणि आकारांच्या मधली रिकामी जागा बघा, म्हणजे मान आणि केस यांच्या मधला तो तिरका त्रिकोण वगैरे. रिकाम्या जागेला नाव नसतं म्हणून ती आपण खरी दिसते तशी काढतो, डोळा मात्र डोक्यात आधीपासून बसलेल्या डोळ्यासारखा काढतो. मधेमधे चित्र आरशात बघा किंवा मोबाइलवर फोटो काढून उलटा करा, चूक कुठेय ते लगेच दिसेल.

रेषा पटल्या की शेडिंगच्या आधी एक पायरी आहे जी बहुतेक जण गाळतात. डोळे बारीक करून फोटोकडे बघा, इतके बारीक की तपशील विरघळून फक्त उजेड आणि सावली असे दोनच भाग राहतील. त्या सावलीची कडा रेषेने आखा आणि आतला सगळा भाग एकाच सपाट टोनने, म्हणजे एकसारख्या गडदपणाने भरा, डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, ओठाखालची सावली सगळं एकत्र जोडलेलं. एवढ्यावर चेहरा ओळखू आला तर पुढे जा, नाही आला तर इथेच थांबून दुरुस्त करा, इथे खोडणं सोपं असतं. त्यानंतर सावलीच्या आत कितीही बारकावे दाखवा पण एक गोष्ट पाळा, सावलीतला सगळ्यात उजळ भाग हा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. जबड्याखाली परावर्तित प्रकाश दिसतो ना, तो लोक हटकून पांढरा करून टाकतात आणि सगळा उठाव जातो.

सामानाबद्दल थोडक्यात. कागद जाड आणि बऱ्यापैकी गुळगुळीत, पेन्सिली २एच, एचबी, २बी, ४बी, ६बी पुरतात, आणि मळता येणारा नीडेबल रबर मात्र हवाच, त्याने घासायचं नाही, टिपायचं. बोटाने शेडिंग पुसू नका, बोटाच्या तेलाचे डाग कागदावर बसतात आणि त्यावर पुढचा थर नीट चढत नाही. जोर देऊन काळं करायला गेलात तर ग्रॅफाइट चकाकायला लागतं आणि बाजूने बघितलं की काळ्याच्या जागी राखाडी आरसा दिसतो, म्हणून गडद भाग ४बी-६बी सारख्या मऊ पेन्सिलने, हलक्या हाताच्या अनेक थरांत करा.

एक डोळा घेऊन सांगतो म्हणजे नीट कळेल. डोळा हा बदाम नाही, तो खोबणीत बसलेला गोळा आहे आणि पापण्या त्या गोळ्यावरून वळून जातात. त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतोच, दोन्ही कोपऱ्यांकडे तो गडद होत जातो आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते. ती सावली बुबुळाच्या वरच्या भागावरूनही जाते, म्हणून बुबुळ वर गडद आणि खाली उजळ दिसतं. चमक एका बाजूला असेल तर बुबुळात तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला हलका उजेड झिरपतो, डोळ्यात जीव येतो तो त्याने. खालच्या पापणीला जाडी असते, ती पातळशी ओलसर पट्टी तुम्ही सोडली नाहीत तर डोळा कागदावर चिकटवल्यासारखा दिसणार. पापण्यांचे केस अगदी शेवटी आणि मोजकेच, एकमेकांना चिकटून गट करून वळणारे. कागदाचा कोरा पांढरा फक्त त्या चमकेसाठी राखून ठेवा, आख्ख्या डोळ्यात तेवढीच एक जागा पांढरी.

दातांचंही तसंच, दातांमधल्या रेषा काढू नका, हिरड्यांकडची बाजू आणि कोपऱ्यातले दात गडद करत न्या. केस एकेक काढायचे नसतात, आधी मोठे झुपके, त्यांची उजळ-गडद बाजू, मग कडेला सुटलेले चार-सहा केस. बास.

आता ऑइल. त्वचा मातकट होते तेव्हा सगळे रंगाला दोष देतात आणि अजून एक ट्यूब घेऊन येतात, पण बहुतेक वेळा रंग बरोबर असतो आणि त्याची उजळ-गडद पातळी चुकलेली असते. तपासायचं असेल तर चित्राचा फोटो आणि मूळ फोटो असे दोन्ही मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून शेजारी ठेवा. दुसरं कारण म्हणजे घोटणं. उजेडाचा रंग आणि सावलीचा रंग ओले असताना ब्रशने एकमेकांत घासत राहिलात की मधे जे तयार होतं तोच तुमचा चिखल. मधल्या टोनचा रंग पॅलेटवर वेगळा मिसळा, दोघांच्या मध्ये पट्ट्यासारखा ठेवा आणि कडा फक्त एकदा कोरड्या ब्रशने हलवून सोडून द्या. तिसरं, सगळीकडे टायटॅनियम व्हाइट. पांढऱ्याने रंग उजळ होतो पण थंड आणि खडूसारखाही होतो, म्हणून उजळ करताना जोडीला थोडं यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा लाल लागतंच.

कॅनव्हास पांढरा ठेवू नका, पातळ बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा हात मारून वाळू द्या. त्यावर त्याच अंबरने चेहरा एकरंगी करून घ्या, उजेड हवा तिथे कपड्याने पुसून काढा. म्हणजे पेन्सिलचंच काम, फक्त ब्रशने, आणि इथे तुमचं शेडिंग पूर्ण उपयोगाला येतं. एक सावधगिरी, कॅनव्हासवर थेट गडद ग्रॅफाइटने ड्रॉइंग करू नका, ऑइलचा थर काही वर्षांनी जास्त पारदर्शक होत जातो आणि खालच्या रेषा वर दिसायला लागतात.

रंग सुरुवातीला चारच घ्या, पांढरा, यलो ऑकर, एक लाल आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडनचा चित्रकार आंदेर्स झोर्न याच्या नावाने रंगांचा हा संच ओळखतात, त्याच्या १८९६ च्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात. काळ्यात पांढरा घातला की शेजारच्या उबदार रंगांमुळे तो निळसर भासतो, काळा आणि ऑकर मिळून शेवाळी हिरवा होतो, त्यामुळे निळा-हिरवा नसल्याचं जाणवतही नाही. सावळ्या किंवा गडद त्वचेला यात बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) जरूर घाला, आणि तिथे उजळ भाग करताना पांढरा ओतू नका, गडद त्वचेवरची चमक छोटी आणि तीव्र असते आणि खिडकीच्या उजेडात थंड, किंचित निळसर दिसते, बाकीचा गाल उबदार तपकिरीच राहू द्या. त्वचेला एकच रंग असतो असं धरूच नका. कपाळ साधारण पिवळसर, गाल-नाक-कान लालसर कारण तिथे रक्त कातडीच्या जवळ असतं, आणि हनुवटी-जबड्याकडे करडी झाक, पुरुषांच्या दाढीच्या जागी तर जास्तच. हे फरक इतके सूक्ष्म ठेवा की बघणाऱ्याला रंग म्हणून दिसू नयेत, फक्त चेहरा जिवंत वाटावा.

आणि कडा. रिअलिस्टिक म्हणजे सगळं कातीव असा समज आहे, तो सोडून द्या. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझने १६५० मध्ये केलेलं हुआन दे पारेहाचं पोर्ट्रेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्याचा मोठ्या रिझोल्यूशनचा फोटो उघडून कॉलर झूम करून बघा, जवळून नुसते ब्रशचे फटकारे आहेत, आणि लांब गेलात की लेस! चेहऱ्यावरही सगळीकडे सारखी धार नाही, काही कडा सावलीत हरवल्यात. मला हे चित्र बघून दरवेळी नव्याने भरून येतं, की एवढ्या कमी रंगात माणूस असा समोर उभा कसा राहतो. तुम्हीही डोळ्यांपाशी एक-दोन कडा धारदार ठेवा आणि केस, कान, खांदा मऊ सोडा.

थरांचा नियम ऐकला असेल, खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. ऑइल पेंट पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे वरचा थर आधी आवळला आणि खालचा मागाहून हलला तर तडे जातात. अंबर लवकर वाळतं, आयव्हरी ब्लॅक फार सावकाश, म्हणून खालच्या थरात काळ्याऐवजी अंबर वापरायचं.

तुमच्या जागी मी असतो तर आता ऑइलचं ते चित्र बाजूला ठेवून बहिणीचा नवा फोटो काढला असता, त्यावरून पेन्सिलने तळहाताएवढी, फक्त दोन टोनची छोटी डोकी करत राहिलो असतो, डोळ्यात बुबुळसुद्धा न काढता, आणि घरच्यांनी न सांगता ओळखलं की तेच डोकं अंबरने कॅनव्हासवर घेतलं असतं. काम करताना खोलीत हवा खेळती ठेवा, रंग पातळ करायला वापरतात त्या टर्पेंटाइनची वाफ डोकं धरते. आणि तेल लागलेली पुसायची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. वार्निशची घाई नको, सहा महिने ते वर्षभर चित्र नीट वाळू द्या, रंग जाड लावला असेल तर त्याहूनही जास्त.