मेव्हण्याच्या कॉम्प्लेक्समधला फ्लॅट: भाड्यासाठी बंगळुरूत घर घ्यावं का?

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीत. महिन्याला हातात 1 लाख 45 हजार येतात. घर वडिलोपार्जित, कर्ज कसलंच नाही, एफडीत 28 लाख आहेत. माझा मेव्हणा बंगळुरूत व्हाइटफील्डला असतो. त्याच्याच कॉम्प्लेक्समध्ये रीसेलचा टू बीएचके 80 लाखांना मिळतोय, भाडं 27 हजार येईल म्हणतात. 60 लाख कर्ज काढायचं, हप्ता बराचसा भाड्यातून जाईल, आणि सात वर्षांनी मुलगी बारावी झाली की विकायचा, असा विचार आहे. भाड्यासाठी घर पहिल्यांदाच घेतोय. घ्यावं का?

उत्तर: नमस्कार. या आकड्यांवर घेऊ नका, असंच मी म्हणेन.

27 हजार हा ब्रोकरने सांगितलेला आकडा. तुमच्या हाती काय पडेल ते बघू. वर्षातला एक महिना घर रिकामं धरा, म्हणजे आले 2 लाख 97 हजार. मेंटेनन्स भाड्यातच धरलेला असेल तर तो तुमच्या खिशातून, महिना साडेतीन हजार म्हटला तरी 42 हजार. घरपट्टी नऊएक हजार. ब्रोकरेज, रंग, गीझर, प्लंबर मिळून 36 हजार. उरले 2 लाख 10 हजार, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे सहाएक लाख मिळवून फ्लॅट पडणार 86 लाखांना. त्यावर हे उत्पन्न अडीच टक्केसुद्धा नाही. एवढं तर तुमची एफडी झोपेतही देते.

आता हप्ता. 60 लाख, 8 टक्के, 20 वर्षं: महिना 50 हजारांच्या थोडा वर. म्हणजे दर महिन्याला 32-33 हजार पगारातून घालायचे. पहिल्या वर्षी जे सहा लाख भराल त्यातले पावणेपाच लाख नुसतं व्याज. ‘व्याजावर टॅक्स वाचतो’ असं ऑफिसात कुणी सांगितलं असेल तर आधी तुमची कररचना कोणती ते पाहा. नव्या रचनेत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या रचनेत तो वर्षाला दोन लाखांपर्यंतच.

हेच 26 लाख (86 मधून कर्जाचे 60 गेले की तुमच्या खिशातून जाणारे) आणि महिन्याचे 33 हजार दुसरीकडे गुंतवले आणि 10 टक्के मिळाले असं धरू (हमी कुणीच देत नाही, मीही नाही), तर सात वर्षांत साधारण 90 लाख होतात. तेव्हा बँकेचे 48 लाखांवर कर्ज अजून शिल्लक असेल. म्हणजे नुसती बरोबरी साधायला फ्लॅट 1 कोटी 39 लाखांच्या आसपास विकला गेला पाहिजे. दरवर्षी आठ टक्क्यांहून जास्त वाढ, तीही जुन्या होत जाणाऱ्या इमारतीत. भाडं वाढत गेलं तर आकडा थोडा खाली येईल, विक्रीवरच्या कराने पुन्हा वर जाईल.

पैशाइतकीच अडचण राज्याच्या सीमेची आहे, आणि ती फार कुणी मनावर घेत नाही. सांगलीत घर भाड्याने देताना आपण लिव्ह अँड लायसन्स करतो, ते रजिस्टर करणं 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर त्याच कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जवळचा रस्ता आहे, वर दुप्पट भरपाईची तरतूद आहे. हा रस्ता निपाणीच्या अलीकडेच संपतो. तिकडे सर्रास अकरा महिन्यांचा करार होतो, बहुतेकदा रजिस्टर न करताच. भाडेकरू अडून बसला तर बंगळुरूच्या कोर्टात दावा लावा आणि तारखेला रात्रीची बस पकडा. भरघोस डिपॉझिट घ्यायची तिकडची रीत आहे, तेवढाच आधार.

कागदपत्रंही आपल्या सवयीची नाहीत. तिथे ‘खाता’, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद, बघायचा असतो. ए खाता (नियमात बसणारी मालमत्ता) की बी खाता (मंजुरीत त्रुटी असलेली) यावर बँक कर्ज देणार की नाही हे ठरतं, आणि आता रजिस्ट्रेशनला ई-खाता, म्हणजे हीच नोंद डिजिटल रूपात, लागतो. इमारतीला ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) मिळालेली आहे का, हे तर पहिल्यांदा विचारा. बरेचसे कागद कन्नडमध्ये. वकील तिथलाच हवा, आणि ब्रोकरने सुचवलेला नको.

पाण्याचंही बघा. 2024 च्या उन्हाळ्यात बंगळुरूत बोअर आटले, तेव्हा व्हाइटफील्डच्या बाजूची कित्येक कॉम्प्लेक्स टँकरवर होती. टँकरचं बिल शेवटी मेंटेनन्समध्येच येतं, आणि माझा साडेतीन हजारांचा अंदाज तिथेच कोलमडतो.

मेव्हणे आहेत ही जमेची बाजू खरी. पण त्यांची कंपनी बदलली, ते हैदराबादला गेले तर? आणि असले तरी दर रविवारी भाडेकरूचा गळका नळ त्यांनी का बघावा? महिन्याचे पैसे ठरवून दुसऱ्या कुणाला काम द्या, नाहीतर नात्यात कुरबूर ठरलेली.

मला सगळ्यात जास्त खटकतंय ते हे की 28 लाखांतले 26 गेल्यावर हाताशी फक्त दोन लाख उरतात. दोघांपैकी एकाचा पगार चार महिने थांबला तर हप्ता कशातून भरणार? मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी गिऱ्हाईक मिळालं नाही तर? अर्धा बेडरूम विकून फी भरता येत नाही.

त्यापेक्षा आठ-नऊ लाख एफडीतच राहू द्या. बाकीचे मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात टप्प्याटप्प्याने घाला आणि बारावीच्या दोन-तीन वर्षं आधीपासून सुरक्षित ठिकाणी हलवत आणा. बंगळुरूच्या जागेचं भाडं खायचीच हौस असेल तर एम्बसी ऑफिस पार्क्स हा 2019 साली शेअर बाजारात आलेला आरईआयटी (अनेकांचे पैसे इमारतींत गुंतवून भाडं वाटणारा ट्रस्ट) आहे, त्याच्या बऱ्याचशा इमारती तिथेच आहेत. घरं नाहीत, ऑफिसं. भाव खाली-वर होतो. पण लाख-दीड लाखात हौस भागते आणि नको झालं की विकता येतं.

तुमच्यापैकी कुणाची बंगळुरूला बदली होणार असेल, स्वतः राहायला लागणार असेल, तर हिशेब वेगळा. तसं असेल तर पुन्हा लिहा. एरवी मेव्हण्यांना दोनच गोष्टी काढायला सांगा: त्या कॉम्प्लेक्समध्ये वर्षभरात रिकामे झालेले फ्लॅट किती दिवसांनी आणि किती भाड्याने गेले, आणि 2024 च्या एप्रिल-मेची मेंटेनन्सची बिलं. ती हातात येईपर्यंत टोकनची रक्कम देऊ नका.