उष्णतेनं उघडणारं औषध, आणि बारावीनंतर काय?

नमस्कार ताई,

तुमची लेक अकरावीत आहे, बायोलॉजीबरोबर गणितही ठेवलंय. आजीच्या कॅन्सरमध्ये तिनं ती लाल केमो पाहिली, सारखे होणारे इको पाहिले. आता ‘गाठीपाशी गेल्यावर उष्णतेनं उघडणारे नॅनोकण’ असं काही वाचून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. तुमच्या साहेबांचं म्हणणं, मेडिकलची ‘नीट’ देऊ दे, लागलं तर ड्रॉप घेऊ दे. आणि तुम्ही विचारता, एका खासगी कॉलेजात नॅनोटेक्नॉलॉजीच्या बी.टेक.ची सीट आत्ताच पैसे भरून धरून ठेवू का?

आधी सीटचं. धरू नका. या क्षेत्रात माणूस घेताना बघतात ते त्याला फार्मसी, केमिस्ट्री, फिजिक्स किंवा मेडिसिन यांतलं एक काही पक्कं येतं का. नॅनो त्यावर चढतं, एम.फार्म. किंवा पीएचडीला.

आता तिच्या वेडाबद्दल, कारण ते पोकळ नाही. ती लाल केमो बहुधा डॉक्सोरुबिसिन असावी. गाठीवर चालते, पण हृदयालाही इजा करते, म्हणून ते इको. हेच औषध लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरतात. थंडीत थिजलेलं तूप उष्णतेनं सैलावतं, तसं त्यातलं एक लिपिड ४१ अंशांच्या आसपास सैलावतं. शरीर ३७ अंशांवर असतं तोवर पिशवी बरीचशी बंद राहते. गाठ बाहेरून तापवली की औषध तिथेच सुटतं. कल्पना १९७८ची आहे.

प्रयोगशाळेत हे काम असं दिसतं: गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये लिपिडचा पातळ थर, त्यावर गरम बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), फ्लास्क फिरवत राहायचा, दुधाळ झालं की कण एकसारखे बारीक करायचे. मग औषध भरायचं आणि दोन वॉटर बाथ लावायचे, एक ३७ला, एक ४२ला. पिशवीत कोंबलेलं डॉक्सोरुबिसिन मंद चमकतं, सुटलं की चमक वाढते. ती दर मिनिटाला मोजायची. बॅच बिघडली की सगळं पहिल्यापासून. तिला विचारा, हे रोज आवडेल? की पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहायचंय? दुसरं असेल तर साहेब बरोबर आहेत, नीटच द्यावी. पण पहिलं असेल तर ड्रॉपचं वर्ष कशाला घालवायचं?

एक गोष्ट तिच्यापासून लपवू नका. थर्मोडॉक्स नावाचं असंच औषध यकृताच्या कॅन्सरवर ७०१ रुग्णांत तपासलं, २०१३ मध्ये अपेक्षित फायदा दिसला नाही. गाठ जास्त वेळ तापवलेल्यांत बरं दिसलं म्हणून ५५६ रुग्णांची दुसरी चाचणी घेतली, तीही फसली. याउलट २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या दहा रुग्णांत अल्ट्रासाउंडनं गाठ तापवल्यावर तिच्यातलं औषध सरासरी ३.७ पट वाढलेलं दिसलं. म्हणजे औषध पोचतं, पण त्यानं आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध व्हायचंय. हे वाचूनही ती म्हणाली ‘मग तापवायचं कसं ते मी बघते’, तर पोरगी या कामाची आहे.

आपल्या इंदूरमध्येच रस्ता आहे. बी.फार्म. अहिल्या विद्यापीठात होतं, एसजीएसआयटीएस या कॉलेजातही. नीट हुकली म्हणून घ्यायची डिग्री असा तिचा लौकिक आपल्याकडे उगाच झालाय. औषध गोळीत किंवा पिशवीत कसं बसवायचं हे शिकवणारा विषय, फार्मास्युटिक्स, तिथेच भेटतो. पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा आणि एम.फार्म., किंवा नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था. केमिस्ट्री-फिजिक्सची ओढ जास्त असेल तर भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेची परीक्षा द्यावी. पीएचडीच्या वेळी सिमरोलचं आयआयटी आहे, तिथे बायोमेडिकल विभाग आहे. आपल्या कॅट (आरआरकॅट) या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ या यंत्रावर असल्या कणांचा आकार क्ष-किरणांनी मोजता येतो, हे इंदूरकरांनाच ठाऊक नसतं!

राहिला नोकरीचा प्रश्न. फक्त याच औषधावर काम देणाऱ्या कंपन्या आपल्याकडे मोजून शोधाव्या लागतील. पण लायपोसोम बनवता येणाऱ्याला इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपन्यांत काम मिळतं, अहमदाबाद-वडोदरा पट्ट्यात विशेष. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीत महिना ३७,००० रुपये. तेव्हा कर्ज काढायचंच झालं तर बी.फार्म.पुरतं काढा.

गणित मात्र बारावीपर्यंत सोडू देऊ नका, कोचिंगवाले कितीही म्हणोत.